गिरवणे आणि पाट्या टाकणे

एकच काम पुन्हा पुन्हा करण्याला मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांतला प्रत्येक शब्द त्या कामाविषयीचे आपले मतही सांगून जातो. मूल पाटीवर अक्षर गिरवते, विद्यार्थी पाढे घोकतो, गवई रियाज करतो, वारकरी नाम जपतो आणि कामाला विटलेला माणूस पाट्या टाकतो. बाहेरून पाहिले तर या सर्वांची कृती सारखीच, तेच ते पुन्हा एकदा करण्याची. परंतु गिरवणाऱ्या मुलाच्या बोटांत दर फेरीला काहीतरी साठत जाते. पाटीत माती भरायची, नेऊन टाकायची आणि रिकामी पाटी घेऊन परत यायचे, यात साठत काहीच नाही. तेथे शंभरावी फेरी पहिल्या फेरीपेक्षा शहाणी नसते. भाषेने केलेला हा भेद मला फार मोलाचा वाटतो. आज लेखन, मुद्रण, चित्र, ध्वनी अशा सर्वच क्षेत्रांतील पुनरावृत्तीची कामे यंत्राकडे सोपवली जात आहेत. त्यांपैकी कोणते काम सोपवावे आणि कोणते आपल्या हाती ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर या दोन क्रियापदांतील अंतरात कुठेतरी आहे, असे मला अनुभवावरून वाटते.

तो अनुभव एका साध्या कामातून आला. आमच्या अभ्यासकेंद्राजवळ मराठी विषयाच्या सुमारे चाळीस जुन्या पुस्तिका आणि ध्वनिफितींवरील बरीच व्याख्याने होती. हे सर्व साहित्य संकेतस्थळावर आणायचे ठरले. ठरवताना हे काम एका वाक्याचे वाटले होते. प्रत्यक्षात एका पुस्तिकेसाठी जुन्या फॉन्टमधील मजकूर नव्या संकेतप्रणालीत आणणे, शीर्षके आणि उपशीर्षके यांना खुणा देणे, चित्रे ठरावीक मापात बसवणे, प्रत्येक फाइलला नियमाने नाव देणे आणि अनुक्रमणिकेतील प्रत्येक ओळ तिच्या घटकाशी जोडणे एवढे तरी करावे लागे. व्याख्यानाचे काम आणखी वेगळे होते. सुरुवातीची आणि शेवटची घरघर कापायची, आवाजाची पातळी सारखी करायची, विषयाचे आणि वक्त्याचे नाव जोडायचे आणि खाली बोलण्याचा मजकूर द्यायचा. यांतली कोणतीही पायरी अवघड नव्हती. अवघड होते ते एवढेच की तीच पायरी शेकडो वेळा चढायची होती.

हे काम केवळ नीटनेटकेपणासाठी काढले असते तर कदाचित अर्ध्यावर सुटले असते. परंतु बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे एक दृष्टिबाधित विद्यार्थिनी होती. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर तिच्या संगणकावर होते. २००६ साली सुरू झालेले आणि मोफत मिळणारे हे साधन पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. तिने आमच्या पुस्तिकेची फाइल उघडली तेव्हा त्या साधनाने मराठी वाचलेच नाही. इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि चिन्हांची नावे यांची एक अर्थशून्य माळ त्याने तिच्या कानांत ओतली. आम्हांला पडद्यावर 'मराठी कवितेचा इतिहास' असे स्वच्छ दिसत होते. तिच्या दृष्टीने त्या फाइलमध्ये मराठीचा एक शब्दही नव्हता, आणि तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी देवनागरीचे जे बहुतेक फॉन्ट वापरले जात, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. संगणकाच्या स्मृतीत साठे ते इंग्रजी अक्षर आणि पडद्यावर दिसे ते मराठी रूप. डोळ्याला त्याने काही फरक पडत नसे. युनिकोडने १९९१ मधील आपल्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र कप्पा दिला आणि 'क' म्हणजे जगातील कोणत्याही संगणकावर 'क'च, अशी व्यवस्था केली. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला या व्यवस्थेतील आणखी एक गोष्ट विशेष भावते. जुने फॉन्ट अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवत, तर युनिकोड ती उच्चाराच्या क्रमाने साठवते. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते, पण बोलताना 'क' आधी येतो आणि 'इ' नंतर. 'धर्म' या शब्दात रफार 'म'च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारात 'र्' हा 'म'च्या आधी असतो. म्हणजे जुन्या पुस्तिका नव्या प्रणालीत आणणे हे केवळ चिन्हांची अदलाबदल करणे नव्हते. डोळ्यासाठी रचलेला मजकूर कानाच्या क्रमाने पुन्हा रचायचा होता.

हे हाताने करणे म्हणजे सर्व पुस्तिका नव्याने टंकित करणे. यंत्राकडे द्यायचे तर यंत्राला नियम सांगावा लागणार. आणि नियम सांगायचा तर तो आधी आपल्याला माहीत असायला हवा. येथे आमच्या उपयोगी पडले ते अक्षरजुळणीचे काम करणारे एक गृहस्थ. सर्वजण त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी या पुस्तिकांपैकी निम्म्याहून अधिक स्वतःच्या हातांनी जुळवल्या होत्या. त्यांचे शिक्षण बेताचे होते, पण कोणत्या कळीने कोणते जोडाक्षर उमटते, कोणत्या वर्षी कोणता फॉन्ट वापरला आणि कोणत्या फॉन्टमध्ये 'ज्ञ' दोन तुकड्यांत जुळवावा लागे, हे त्यांना पाठ होते. वेलांटीचा नियम आम्ही सूत्रबद्ध करू लागलो तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, वेलांटी आधी टाइप होते, पण ती कोणाची, ते पुढं गेल्यावर कळतं." नियमाचे याहून नेमके विधान मला करता आले नसते.

त्या विधानावरून नियम असा झाला. पहिली वेलांटी दिसली की तिच्या पुढचे व्यंजन पाहावे. ते अर्धे असेल तर आणखी पुढे जावे. पूर्ण व्यंजन सापडले की वेलांटी त्याच्यानंतर ठेवावी. 'स्थिती' या शब्दात ती 'स्' आणि 'थ' या दोघांना ओलांडून जाते. रफाराचा नियम याच्या उलट दिशेचा आहे. तो काना, मात्रा, वेलांटी यांना मागे टाकत अक्षराच्या आधी जाऊन बसतो. 'मार्मिक' सारख्या शब्दात दोन्ही नियम एकाच अक्षरावर येतात आणि तेथे कोणता नियम आधी लावायचा हे ठरवावे लागते, कारण पहिल्या नियमाने घडवलेल्या रूपावरच दुसरा नियम चालणार असतो.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची वाटावी. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत आणि ती कोणत्या क्रमाने, कोणत्या अधिकाराने लागू करायची याची स्वतंत्र व्यवस्था आहे. शेवटच्या तीन पादांतील नियमांचे कार्य आधीच्या नियमांच्या दृष्टीने झालेच नाही असे मानायचे, हा त्या व्यवस्थेचाच एक भाग. सामान्य नियमाला तेथे उत्सर्ग म्हणतात, विशेष नियमाला अपवाद म्हणतात आणि जेथे अपवाद लागतो तेथे उत्सर्ग माघार घेतो. शिवाय एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत पुन्हा न उच्चारता गृहीत धरायचे, ही अनुवृत्तीची युक्ती आहेच. पुनरावृत्ती टाळण्याची इतकी काटेकोर यंत्रणा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास या भूमीत उभी राहिली, हे भाषेच्या विद्यार्थ्याने विसरू नये. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे परंपरेत गमतीने म्हटले जाते ते उगीच नाही.

आधुनिक बाजूनेही हे नाते तुटलेले नाही. मजकुरातील आकृतिबंध शोधून बदलण्यासाठी आज जी रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची लेखनपद्धती वापरतात, तिची कल्पना अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात मांडली आणि १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती मजकूर शोधण्याच्या कामी कशी लावावी हे दाखवले. नोम चॉम्स्की यांनी व्याकरणांची जी श्रेणी लावली तिच्यात ही पद्धती सर्वांत खालच्या पायरीवर येते. मानवी भाषेचे संपूर्ण वर्णन करण्यास ती अपुरी आहे. परंतु वेलांटी उचलून पुढे ठेवण्यास ती पुरेशी आहे. कोणत्या कामाला कोणत्या ताकदीचे साधन पुरते, एवढा विवेक केला म्हणजे यंत्राची अवाजवी भीतीही राहत नाही आणि अवाजवी भक्तीही.

पहिल्या पाच पुस्तिका आम्ही जवळजवळ हातानेच केल्या. काही सहकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटला. माझ्या मते उरलेल्या पस्तीस पुस्तिकांचा पाया तेथेच घातला गेला. त्या पाच पुस्तिकांत जे जे अडले ते अण्णा एका जुन्या वहीत लिहीत गेले आणि ती वही हळूहळू अपवादांचा कोश बनली. तिच्यातील काही नोंदी भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहाव्यात अशा आहेत.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यास' निमंत्रण दिले तर व्याख्यान मिळेल, 'आचाऱ्यास' दिले तर जेवण. मराठीने हा अर्थभेद जपण्यासाठी 'ऱ्य' हे वेगळे रूप राखले आहे. जुन्या फॉन्टमध्ये त्यासाठी वेगळी कळ दाबावी लागे आणि घाईत असलेला टंकलेखक सरसकट रफार देई. युनिकोडमध्येही हे रूप दोन प्रकारे साठवता येते. दोन्ही प्रकार पडद्यावर सारखेच दिसतात, पण एक शोधले तर दुसरे सापडत नाही. 'ॲ'चीही तीच कथा. 'अ'वर अर्धचंद्र देऊन ते लिहिता येते आणि २००८ पासून त्याला स्वतःचे स्वतंत्र स्थानही आहे. दिसायला एक, साठवायला दोन. दोन्ही प्रकार एका प्रकारात आणणे हे यंत्राचे काम आणि ते यंत्राने निमिषात केले. परंतु 'दर्या' असे छापले आहे तेथे लेखकाला समुद्र म्हणायचा होता की डोंगरदऱ्या, हे यंत्राला शब्दावरून कळत नाही. ते वाक्य वाचावे लागते.

लेखननियमांचा प्रश्न याहून खोल आहे. 'गरीब' या शब्दाला प्रत्यय लागला की उपान्त्य 'री' ऱ्हस्व होते आणि आपण 'गरिबाला' लिहितो. 'वकील' या शब्दाचे 'वकिलाला' होते. मग यंत्राला हा नियम द्यावा तर ते 'शरीराला' हे बरोबर रूप मोडून टाकते, कारण 'शरीर' तत्सम आहे आणि तत्सम शब्दातील दीर्घत्व कायम राहते. म्हणजे हा नियम लावण्यासाठी शब्द कोठून आला हे माहीत असावे लागते. शब्दाच्या अखेरीचा इकार-उकार दीर्घ लिहावा हे खरे, पण 'आणि', 'परंतु', 'तथापि' यांना ते लागू नाही. अशा शब्दांची यादी करता येते, म्हणून हे अपवादही शेवटी यंत्राच्या आवाक्यात येतात.

यादीने न सुटणारी अडचण त्यानंतर आली. आमच्या पुस्तिकांत एक घटक ग्रामीण कथेवर होता आणि एक महानुभाव गद्यावर. ग्रामीण कथेतील पात्र 'पानी' म्हणते, 'व्हतं' म्हणते. शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीच्या दृष्टीने या चुका आहेत आणि ती अत्यंत तत्परतेने 'पाणी' आणि 'होतं' असे करून देते. तसे झाले तर वाक्य शुद्ध होईल, पण बोलणारा माणूस त्यातून निघून जाईल. लीळाचरित्रातील उताऱ्याला आजचे ऱ्हस्व-दीर्घ लावले तर तेरावे शतक मिटून जाईल. ज्या पानावर बोलीचा मान राखावा असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, त्याच पानावर यंत्राने बोली पुसलेली असणे याइतका विरोधाभास कोणता? म्हणून आमचा पहिला निर्णय असा झाला की अवतरणातील मजकुराला कोणताही भाषिक नियम लावायचा नाही. अवतरण कोठे सुरू होते आणि कोठे संपते याच्या खुणा माणसाने हाताने करायच्या. हे काम कंटाळवाणे होते. पण खुणा करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांनी तो महानुभाव गद्याचा घटक जितका बारकाईने वाचला, तितका परीक्षेसाठी कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही. पाटी टाकण्याचे काम येथे गिरवण्याचे झाले होते.

ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत हाच विवेक दुसऱ्या रूपाने करावा लागला. आवाजाची पातळी सारखी करणे, फाइलींना नावे देणे, सर्व व्याख्याने एका प्रकारात बदलणे ही कामे एफएफएमपेग या मुक्त साधनाला दिलेल्या एका आज्ञेने रात्रभरात होत. चित्रांची मापे इमेजमॅजिक हे तसेच दुसरे साधन बसवून देई. या कामांत माणसाने लक्ष घालावे असे काहीच नव्हते आणि त्यांतून सुटल्याचे दुःखही कोणाला झाले नाही. परंतु याच साधनांत आणखी एक सोय असते. ध्वनिमुद्रणातील शांत जागा शोधून ती कापून टाकता येते. व्याख्यान आटोपशीर होते, फाइल लहान होते. एका नमुन्यावर ती चालवून पाहिली. कवितेवरील ते व्याख्यान होते. वक्त्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि श्रोत्यांना विचार करायला वेळ देऊन मग ते पुढे बोलू लागले होते. कापलेल्या आवृत्तीत प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर येऊन आदळत होते. यंत्राच्या हिशेबी ते काही सेकंद रिकामे होते. अध्यापनाच्या हिशेबी त्या व्याख्यानातील सर्वांत भरलेला भाग तोच होता. ती सोय आम्ही बंद ठेवली.

चित्रांच्या वर्णनाचेही असेच. दृष्टिबाधित वाचकासाठी प्रत्येक चित्रासोबत चार ओळींचा मजकूर द्यावा लागतो. आता यंत्रेही चित्र पाहून त्याचे वर्णन लिहितात. ओवीवरील घटकात जात्यावर दळणाऱ्या दोन स्त्रियांचे छायाचित्र होते. 'दोन स्त्रिया दगडाजवळ बसल्या आहेत' हे वर्णन खोटे नाही. परंतु त्या समोरासमोर बसल्या आहेत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर आहेत आणि ओढ एकीकडून दुसरीकडे जाते, हे सांगितल्याशिवाय ओवीची लय त्या घटकातून कशी कळणार? चित्र तेथे का दिले आहे हे ज्याला ठाऊक, त्यानेच त्याचे वर्णन लिहावे.

जात्याचा विषय निघालाच आहे तर येथे थोडे थांबावेसे वाटते. जाते हे पुनरावृत्तीचेच साधन. पहाटे उठून तीच फेरी शेकडो वेळा फिरवायची. महाराष्ट्रातील स्त्रियांनी त्या फेरीवर ओवी रचली आणि सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, दारिद्र्य हे सारे तिच्यात बोलून टाकले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, यावरून त्या फेरीत किती भाषा साठली होती याचा अंदाज येतो. मग पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी हळूहळू मुकी झाली. यंत्राविषयी बोलताना हे उदाहरण हळहळीने दिले जाते. मला मात्र ती हळहळ पूर्ण प्रामाणिक वाटत नाही. गिरणी आली तेव्हा माझ्या आजीच्या खांद्यांना जो विसावा मिळाला, तो तिने कोणत्याही ओवीच्या बदल्यात परत दिला नसता. जाते परत यावे असे म्हणणाऱ्यांनी बहुधा ते ओढलेले नसते. पण गिरणीने कष्टांबरोबर आणखी एक गोष्ट नेली. दोघीजणी समोरासमोर बसून कोणाच्या देखरेखीशिवाय बोलू शकतील अशी ती पहाटेची घटका नेली आणि तिच्या जागी दुसरी घटका कोणी दिली नाही. दोष गिरणीचा नव्हता. वाचलेला वेळ कोणाच्या हाती पडला हा खरा प्रश्न होता, आणि तो तेव्हा कोणी विचारला नाही.

हा प्रश्न आमच्या कामातही उभा राहिलाच. अण्णांना मानधन पानांच्या हिशेबाने मिळत असे. जितकी पाने जुळवावीत तितके पैसे. नियम तयार झाले, आज्ञावली चालू लागली आणि जे काम त्यांना तीन आठवडे लागे ते एका दुपारी होऊ लागले. एके दिवशी वही मिटून ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे सगळं मशीन करणार, मग माझी पानं किती धरायची?" त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती आणि म्हणूनच तो प्रश्न अधिक टोचला. ज्या नियमांवर ते यंत्र चालत होते त्यांतले निम्मे त्यांच्या बोटांतून आले होते. यंत्राला शिकवणाऱ्याचेच काम यंत्राने घ्यावे आणि त्या शिकवण्याला मात्र हिशेबात जागा असू नये, हे न्यायाचे नव्हते.

त्यावर आम्ही कार्यालयाला लिहिले. कार्यालयाच्या नमुन्यात 'पृष्ठसंख्या' असा रकाना होता, 'अपवाद तपासणे' असा नव्हता. रकाना नसलेल्या कामाला पैसे देता येत नाहीत, असे उत्तर आले. अनेक पत्रांनंतर आणि बऱ्याच महिन्यांनंतर तपासणीचे मानधन तासांच्या हिशेबाने देण्यास मान्यता मिळाली. ते पूर्वीच्या एकूण रकमेइतके भरत नव्हते, पण अण्णा टिकले. अशी पत्रे लिहिणारे कोणी नसते तेथे काय होत असेल, हे सांगायला नको. यांत्रिकीकरणाच्या चर्चेत आपण किती वेळ वाचला हे नेहमी मोजतो. तो ज्याच्या ज्ञानाने वाचला त्याच्या पदरात काय पडले, हेही मोजले पाहिजे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोश रचण्याचे काम सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेल्या, एक कोटीच्या आसपास भरतील अशा शब्दांच्या चिठ्ठ्या तेथे जतन केलेल्या आहेत. शब्द, त्याचा संदर्भ, ग्रंथाचे नाव हे पुन्हा पुन्हा हाताने लिहून काढण्याचे ते काम. विद्यार्थिदशेत ते लहान लहान खण मी प्रथम पाहिले तेव्हा या कामाच्या कंटाळ्याचा विचार मनात आला होता. आज वेगळा विचार येतो. शब्द वेचणाऱ्या विद्वानाला त्या शब्दाचा दहावा संदर्भ लिहिताना पहिल्या नऊ संदर्भांहून वेगळी अर्थच्छटा जाणवत असणार, आणि कोशाची गुणवत्ता त्या जाणिवेवर उभी असते. आता चिठ्ठ्यांचे वर्णानुक्रमाने वर्गीकरण यंत्राने करावे, त्यांच्या प्रतिमा यंत्राने साठवाव्यात, हवी ती चिठ्ठी यंत्राने क्षणात काढून द्यावी. तेथे माणसाने वेळ घालवण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. दहाव्या संदर्भातील वेगळेपण ओळखणे मात्र गिरवण्याच्या कक्षेतले आहे.

मराठीचे शिक्षण घेऊन तुमच्यापैकी अनेकजण पुढे प्रकाशनसंस्थांत, वृत्तपत्रांत, आकाशवाणीवर, संकेतस्थळांच्या संपादनात काम कराल. तेथे पुनरावृत्तीची कामे तुमच्या वाट्याला येतील आणि ती करून देणारी साधनेही हाताशी असतील. ती जरूर वापरा. फक्त कोणतेही काम सोपवण्यापूर्वी ते काही वेळा स्वतः करा. पाच वेळा करून त्याचा नियम तुमच्या मनात स्पष्ट झाला आणि सहाव्या वेळी नवे काही कळेनासे झाले, तर ते काम सोपवण्यास तयार झाले असे समजावे. सहाव्या वेळीही एखादा नवा अपवाद भेटला, तर अजून थांबावे. नियम कोणाच्या हातांतून आला त्याचे नाव लिहून ठेवावे. आणि यंत्राने केलेले काम ज्याच्यासाठी केले, त्या माणसाकडून ते एकदा तपासून घ्यावे.

हे शेवटचे आम्हांला त्या विद्यार्थिनीने शिकवले. नव्या रूपातील पहिल्या पुस्तिका तिच्याकडे गेल्यावर तिने कळवले की स्क्रीन रीडर आता मराठी नीट वाचतो, पण 'दुःख' हा शब्द मध्येच तुटतो आणि 'स्वतः' नंतर वाक्य संपल्यासारखे वाटते. आम्ही सर्वांनी ती पाने डोळ्यांखालून घातली होती आणि कोणालाही काही दिसले नव्हते. दिसणार तरी कसे? टंकलेखकांनी वर्षानुवर्षे विसर्गाच्या जागी दोन टिंबांचे अपूर्णविरामाचे चिन्ह दिले होते. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कानाला एक ध्वनी आहे आणि दुसरा विराम. शब्दाच्या मध्ये ही टिंबे आली तर तो विसर्गच असणार. 'दुःख', 'अंतःकरण', 'निःशब्द' हे सारे एका नियमात दुरुस्त झाले. शब्दाच्या शेवटी मात्र तसे म्हणता येत नाही. 'विशेषतः' मध्ये तो विसर्ग असतो आणि 'उत्तर' या शब्दापुढे तो अपूर्णविराम असू शकतो. अण्णांच्या वहीत त्यासाठी एक नवे पान उघडले गेले. त्या पानावरचे नेहमीचे शब्द आता यंत्र स्वतः ओळखते. यादीत नसलेला शब्द आला की ते थांबते, ओळ पुढे करते आणि मग अण्णा किंवा एखादी विद्यार्थिनी ते वाक्य पुरते वाचते आणि ती दोन टिंबे कशाची आहेत हे ठरवते.